जुन्या लेथचा गिअर तुटला तर

साखरीनाटे, जैतापूरच्या मच्छीमार बोटींची दुरुस्ती मुख्यतः जून-जुलैच्या मासेमारी बंदीत निघते. नेमका तेव्हाच राजापुरातील लेथ बंद पडला, तर मोसमाची कमाई बुडते. हरिहरची, १९४१ साली स्थापन झालेली म्हैसूर किर्लोस्कर कंपनी आज बंद आहे. अशा जुन्या लेथचा तयार पार्ट शोधत बसण्यापेक्षा माप देऊन तो बनवून घ्यावा, असा आमचा कारागीर बांधवांना सल्ला आहे.

तुटलेला गिअर भंगारात टाकू नये. दाते मोजावेत व व्हर्नियरने बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा. दात्यांच्या संख्येत २ मिळवून त्या बेरजेने व्यासाला भागावे. दाते ४० व व्यास ८४ असल्यास, ८४ भागिले ४२ म्हणजे २ मॉड्यूल. उत्तर ठरावीक मॉड्यूलमध्ये बसले नाही, तर गिअर इंची मापाचा असू शकतो. तेव्हा दाते अधिक २ या बेरजेला इंचातील व्यासाने भागावे. येतो तो डी.पी. हा हिशेब सरळ दात्यांच्या साध्या गिअरचा आहे.

ही मापे, भोक, रुंदी, की-वे व नमुना घेऊन कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर गाठावे. नवा गिअर बसवताना दात्यांमध्ये कागदाची पट्टी धरून बोल्ट आवळावा, मग पट्टी काढावी. फार घट्ट बसवलेला गिअर पुन्हा तुटतो.