पत्र पुरं करू नये

गेली सतरा वर्षं मी एका मराठी पाक्षिकात किशोरवयीन मुलामुलींच्या पत्रांना उत्तरं लिहिते आहे, आणि ती लिहिते तमिळनाडूतल्या कुंभकोणमहून. सासर इथलं, तंजावरी मराठी. दर पंधरवड्याला कचेरीतून एक खाकी लिफाफा येतो. आता निम्मी पत्रं मोबाइलवर येतात, तरी वहीचं पान फाडून लिहिणारी मुलं अजून आहेत. दुपारी तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर बसून मी ती वाचते. या कामाआधी शाळेत शिकवलं, आकाशवाणीसाठी श्रुतिका लिहिल्या, दोन कादंबऱ्या लिहिल्या. या सगळ्यातून जे हाती लागलं, त्यातलं थोडं इथे.

१. कादंबरीकाराची सवय इथे घात करते.

पहिल्याच वर्षी एका मुलीचं पत्र आलं. दहावीतली. (तिची ओळख पटेल असं इथे काही ठेवलेलं नाही.) चार ओळींचं पत्र होतं: वर्गात जावंसं वाटत नाही, मागच्या बाकावर बसते, उठून उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, सगळे माझ्याकडेच बघतात असं वाटतं. मला लगेच गोष्ट दिसली. बुजरी मुलगी, कडक मास्तर, हसणारा वर्ग. मी पानभर उत्तर लिहिलं, आत्मविश्वासावर. संपादकांना आवडलं, मलाही आवडलं होतं.

महिन्याने तिचं दुसरं पत्र आलं. ‘ताई, उत्तर छान होतं. पण मी घाबरट नाही. माझी पाळी पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही आणि बाकावर डाग पडतो. आईला सांगितलं तर म्हणते, वयात असं होतंच.’

निळ्या शाईत ‘डाग’ हा शब्द एकदा लिहून खोडला होता आणि पुन्हा लिहिला होता. पहिल्या पत्रात तिने तो लिहिलाच नव्हता, आणि ती मोकळी जागा मी माझ्या गोष्टीने भरून टाकली होती. तिचा एक महिना त्यात गेला. या वेळी छापायची वाट न बघता त्याच दिवशी टपालाने कळवलं: इतके दिवस रक्तस्राव होणं हे ‘वयात होतंच’ यात बसत नाही, स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा, हिमोग्लोबिन तपासून घे, आणि हे पत्र आईला दाखव. आई तिला घेऊन गेली. रक्त फारच कमी निघालं, उपचार सुरू झाले.

तेव्हापासून पत्र वाचताना मनात गोष्ट जुळायला लागली की मी पेन खाली ठेवते. आधी उलट एक प्रश्न विचारते. एकच, कारण दोन विचारले की पोरांना चौकशी वाटते.

२. या गावातला एक मराठी माणूस हे काम माझ्या आधी करून गेला आहे.

राजा सर टी. माधवराव. जन्म १८२८चा, कुंभकोणमचाच. आमच्याकडे त्यांचं नाव ‘दिवाण’ म्हणूनच घेतात. पण त्यांचं आयुष्य एका पदात मावणारं नव्हतं. मद्रासला गणिताचे मास्तर, मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत नोकरी, १८४९मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक, पुढे तिथलेच दिवाण, मग इंदूर, मग १८७५ ते १८८२ बडोदा. बडोद्यात त्यांच्या पुढ्यात एक बारा वर्षांचा मुलगा आला. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेला, लिहिण्यावाचण्याशी फारसा संबंध न आलेला. तो पुढे सयाजीराव गायकवाड झाला.

रोजच्या शिक्षणासाठी इलियट नावाचे इंग्रज गुरू होते. पण १८८१मध्ये, राज्याधिकार हातात येण्याच्या आधी, माधवरावांनी या अठरा वर्षांच्या मुलाला व्याख्यानं दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. तब्येत कशी सांभाळावी, खासगी खर्चाला आवर कसा घालावा, माणसं कशी निवडावीत, इंग्रज सरकारशी कसं वागावं, असे त्यांचे विषय. नावातल्या ‘मायनर’चे दोन अर्थ मला फार आवडतात: छोटं, आणि अजून सज्ञान न झालेलं.

सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेलीत सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६मध्ये ते राज्यभर लागू केलं. माधवराव १८९१मध्येच गेले होते. आपण ज्याला सांगितलं त्याचं पुढे काय झालं, हे पाहायला सांगणारा असतोच असं नाही. मला हे आधी टोचायचं. आता त्यात मोठा आधार वाटतो.

३. नापास झालेल्या मुलाला रामानुजन सांगू नये.

आमच्या घरापासून सारंगपाणि सन्निधी रस्त्यावरचं गणितज्ञ रामानुजनचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पाहुणे आले की मी नेते. गणित सोडून बाकी विषयांत नापास झाल्यामुळे इथल्या सरकारी कॉलेजातली त्याची शिष्यवृत्ती गेली आणि १९०५मध्ये, सतराव्या वर्षी, तो घर सोडून विशाखापट्टणमला निघून गेला. बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पत्रांचा ढीग येतो, आणि सुरुवातीची काही वर्षं मी प्रत्येकाला हे सांगत होते. एका मुलाने लिहिलं, ‘ताई, मला रामानुजन व्हायचं नाहीये. बाबांना निकाल कसा सांगू तेवढं सांगा.’

तो मुलगा बरोबर होता. त्याला आजची संध्याकाळ पार करायची होती, आणि मी त्याला शंभर वर्षांनी लागलेला निकाल दाखवत होते. त्याला पहिलं वाक्य हवं होतं. आता मी ते वाक्यच लिहून पाठवते, आणि घरात आधी कुणाला सांगायचं ते विचारते. बहुतेकदा ती आजी असते किंवा आत्या. घर सोडायची किंवा जीव द्यायची भाषा असेल, तर मात्र पंधरवड्याची वाट बघत नाही. त्याच तासाला फोन, आणि शासनाच्या टेली-मानस हेल्पलाइनचा क्रमांक: १४४१६. हा मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

४. माहिती द्यावी. उपदेशाला घरात माणसं असतात.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ शब्दांत उत्तरं देत, आणि त्यापायी त्यांच्यावर खटले झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. इंग्लंडात क्लेअर रेनर आधी परिचारिका होत्या, मग किशोरींच्या ‘पेटिकोट’ साप्ताहिकात उत्तरं लिहू लागल्या. जोडीला त्यांनी कितीतरी कादंबऱ्याही लिहिल्या. मला वाटतं, परिचारिका असल्यामुळेच त्यांना शरीराबद्दल आडपडदा न ठेवता लिहिता आलं. मी डॉक्टर नाही, म्हणून शरीराचा प्रश्न असला की ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून वाचून घेतल्याशिवाय एक ओळ छापू देत नाही.

५. टोपणनावाचा मान ठेवावा.

माधवराव निवृत्तीनंतर वर्तमानपत्रांतून ‘नेटिव्ह थिंकर’ म्हणून लिहीत. मुलांच्या संगोपनावरची त्यांची १८८९ची पुस्तिका त्याच नावाने निघाली, तिचं मराठी भाषांतरही झालं. दिवाणाला जर नावाआड उभं राहून बोलावंसं वाटतं, तर पंधरा वर्षांच्या पोराला वाटणारच. ‘कुणीतरी’, ‘क्ष’, ‘पाऊस’ अशा सह्या येतात. मी कधी खोदत नाही.

६. गेल्या महिन्यात ‘क्ष’चं एक पोस्टकार्ड आलं. वर माझा पत्ता नीट, वळणदार. मागे एवढंच: ‘ताई, एक विचारायचं आहे. पण आत्ता नाही.’

सासूबाईंनी कॉफीचा डबरा, म्हणजे इथली खोलगट वाटी, पुढे ठेवत विचारलं, ‘काय म्हणतंय पोर?’ मी म्हटलं, अजून काही नाही.

धोक्याचं काही वाटत नव्हतं, तरी हेल्पलाइनचा क्रमांक छापायचाच होता. तो उत्तराखाली टाकला. उत्तर दोन ओळींचं होतं. ‘क्ष यांस, बरं. पत्ता हाच आहे.’