रिकाम्या खोलीचे गणित



जालना जिल्ह्यातील अंबड हे गाव मत्स्योदरी देवीच्या स्थानासाठी प्रसिद्ध आहे. देऊळ ज्या टेकडीवर आहे तिचा आकार माशासारखा दिसतो, त्यावरून देवीला हे नाव पडले. शारदीय नवरात्रात येथे यात्रा भरते आणि भाविकांची रीघ लागते. समजा, गावातील एका कुटुंबाने माडीवरची खोली पाहुण्यांना एकेका रात्रीसाठी भाड्याने द्यायचे ठरविले. भाडे किती ठेवावे?

प्रश्न साधा दिसतो, पण आज जगभर लाखो घरमालकांसाठी हा प्रश्न संगणक सोडवीत आहे. एअरबीएनबी ही घरातील खोल्या पाहुण्यांना मिळवून देणारी कंपनी २००८ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे निघाली. तिने २०१५ मध्ये ‘स्मार्ट प्रायसिंग’ नावाची सोय मालकांना दिली. मालकाने कमीत कमी व जास्तीत जास्त दर ठरवून द्यायचा. त्या मर्यादेत प्रत्येक रात्रीचा दर यंत्र आपोआप बदलत राहते. हे यंत्र कसे विचार करते, ते आपण दहावीच्या बीजगणिताच्या आधाराने पाहू.

मोसंबी आणि खोली

जालन्याच्या मोंढ्यात मोसंबीचा भाव रोज बदलतो. आवक वाढली की भाव उतरतो, घटली की चढतो. यात नवल काही नाही. पण मोसंबी आणि खोली यांत एक फरक आहे. आज भाव पडला तर शेतकरी मोसंबी दोन दिवस ठेवून पाहू शकतो. आजची रात्र मात्र साठवून ठेवता येत नाही. सकाळ झाली की रिकाम्या खोलीची ती रात्र कायमची वाया गेली. विमानातील आसन व रेल्वेतील बर्थ यांचेही तसेच असते. म्हणूनच वेळेनुसार दर बदलण्याचे शास्त्र प्रथम विमान कंपन्यांनी वाढविले.

आपल्याकडील उदाहरण रेल्वेचे आहे. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरांतो गाड्यांना ‘फ्लेक्सी फेअर’ लागू झाले. मूळ योजनेत दर १० टक्के जागा विकल्या गेल्या की मूळ भाडे १० टक्क्यांनी वाढे, आणि अनेक वर्गांत ते दीडपटीपर्यंत जाऊन थांबे. हा नियम फक्त एकच गोष्ट पाहतो: किती जागा विकल्या गेल्या. पुढे काय होईल याचा अंदाज तो बांधीत नाही. खोलीच्या दराचे यंत्र तो अंदाज बांधू पाहते.

दर आणि संभाव्यता

समजा, एखाद्या साध्या दिवशी २००० रुपये दर सांगितला तर खोली कोणीच घेणार नाही, आणि दर जसजसा कमी करावा तसतशी खोली भरण्याची संभाव्यता सारख्या प्रमाणात वाढते. दर ‘द’ असेल तर

संभाव्यता = (२००० − द) ÷ २०००

आता दराला संभाव्यतेने गुणा. जो आकडा मिळेल त्याला अपेक्षित उत्पन्न म्हणतात. तसे पुष्कळ दिवस गेले तर सरासरीने रोज एवढे रुपये हाती पडतील, असा त्याचा अर्थ.

दर ४०० रु. : संभाव्यता ०.८, उत्पन्न ३२० रु.
दर ८०० रु. : संभाव्यता ०.६, उत्पन्न ४८० रु.
दर १००० रु. : संभाव्यता ०.५, उत्पन्न ५०० रु.
दर १२०० रु. : संभाव्यता ०.४, उत्पन्न ४८० रु.
दर १६०० रु. : संभाव्यता ०.२, उत्पन्न ३२० रु.

आलेख काढलात तर वर फेकलेल्या चेंडूच्या मार्गासारखा अन्वस्त मिळेल. त्याचा शिरोबिंदू १००० रुपयांवर आहे. खोली रोज भरावी असा हट्ट धरला तर दर शून्यावर आणावा लागेल आणि उत्पन्नही शून्य होईल. म्हणजे काही रात्री खोली रिकामी राहणे हा तोटा नसून हिशेबाचाच एक भाग आहे.

नवरात्रात मागणी वाढते. समजा, कोणीच येणार नाही असा दर आता ३००० रुपये झाला. शिरोबिंदू लगेच १५०० रुपयांवर सरकतो. यंत्राचे मुख्य काम ते हेच: प्रत्येक रात्रीची रेषा ओळखायची आणि शिरोबिंदू गाठायचा.

रेषा ओळखायची कशी?

येथेच खरी अडचण आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एकच प्रयोग निरनिराळ्या मूल्यांना पुन्हा पुन्हा करता येतो. पण येत्या शुक्रवारची रात्र एकदाच येते आणि तिला एकच दर लावता येतो. खोली १००० रुपयांना गेली तर ११०० ला गेली असती का, हे कळत नाही. ती गेली नाही तर ९०० ला गेली असती का, हेही कळत नाही.

एअरबीएनबीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये आपली रीत एका शोधनिबंधात मांडली. तीत प्रथम खोली भरण्याची संभाव्यता काढतात. त्यासाठी खोलीचे गुण, ऋतू, तारखेला उरलेले दिवस, आसपासच्या रिकाम्या खोल्या आणि त्या तारखेसाठी शोध घेणारे लोक अशा अनेक गोष्टी विचारात घेतात. नंतर दर सुचविताना दोन चुका टाळायच्या असतात. खोली भरली असेल तर मिळालेल्या दरापेक्षा कमी दर सुचविणे ही चूक. खोली रिकामी राहिली असेल तर लावलेल्या दराइतका किंवा त्याहून जास्त दर सुचविणे ही चूक. जुन्या नोंदींवर अशा चुका कमीत कमी होतील असे यंत्राला घडवितात.

आता अंबडचा विचार करा. घटस्थापना २०२३ साली १५ ऑक्टोबरला होती, २०२४ साली ३ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २२ सप्टेंबरला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने सण दरवर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येतो आणि अधिकमास आला की पुन्हा पुढे जातो. ‘गेल्या वर्षी याच तारखेला काय झाले?’ एवढेच विचारणारे यंत्र येथे हमखास फसेल. त्याला पंचांग शिकवावे लागेल. अंबडमधील कोणत्याही आजीला हे ज्ञान उपजतच असते.

यंत्रच यंत्राकडे पाहू लागले तर?

ध्वनिक्षेपकासमोर मायक्रोफोन धरला की कर्कश शिट्टी वाजते, हे तुम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकले असेल. बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत जातो, मोठा होतो, पुन्हा बाहेर पडतो. याला धन पुनःप्रदाय म्हणतात. दरांचेही असे होऊ शकते.

२०११ च्या एप्रिलमध्ये अॅमेझॉनवर ‘द मेकिंग ऑफ अ फ्लाय’ हे माशीच्या वाढीवरचे शास्त्रीय पुस्तक दोन विक्रेते विकत होते. पहिल्याचे यंत्र आपली किंमत दुसऱ्याच्या ०.९९८३ पट ठेवी. दुसऱ्याचे यंत्र पहिल्याच्या १.२७०५८९ पट ठेवी. दोन्ही संख्यांचा गुणाकार सुमारे १.२६८ येतो. तो १ पेक्षा मोठा आहे, म्हणून प्रत्येक फेरीत किंमत सव्वापटीहून अधिक वाढत गेली. १८ एप्रिलला ती २,३६,९८,६५५ डॉलर ९३ सेंटवर पोहोचली! एकाही यंत्राने गणितात चूक केली नव्हती. चूक होती ती वरची मर्यादा न घालण्यात. मालकाने घातलेल्या कमाल व किमान दराचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

याहून गंभीर प्रकारही संभवतो. एकाच गावातील सगळ्या मालकांनी एकाच कंपनीचे यंत्र वापरले, तर कोणी कोणाशी न बोलताही सर्वांचे दर एकत्र चढू शकतात. अमेरिकेत घरभाडे सुचविणाऱ्या रिअलपेज या कंपनीवर सरकारच्या न्याय विभागाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये खटला भरला, तो याच स्वरूपाच्या आक्षेपावरून.

शिरोबिंदू कोणाचा?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपण उत्पन्नाचा शिरोबिंदू काढला. पण पाहुणा आला की चादरी धुणे, पाणी, वीज, सफाई हा खर्च असतोच. तो दर पाहुण्यामागे ३०० रुपये धरू. साध्या दिवशी मालकाचा अपेक्षित नफा असा:

(द − ३००) × (२००० − द) ÷ २०००

याचा शिरोबिंदू ११५० रुपयांवर येतो. पडताळून पाहा. दर १००० असता नफा ७०० × ०.५ = ३५० रुपये; दर ११५० असता ८५० × ०.४२५ = ३६१.२५ रुपये. (कंपनीची दलाली सोयीसाठी सोडून दिली आहे.)

पण कंपनीला दलाली मिळते ती भाड्याच्या रकमेवर. चादरी धुण्याचा खर्च तिला नसतो. तिच्या दृष्टीने उत्तम दर १००० हाच. म्हणजे एकच खोली, एकच रेषा, गणितही बरोबर. तरी दोघांची उत्तरे निराळी. यंत्र काय मोजते, हे विचारण्याआधी ते कोणासाठी मोजते, हे विचारले पाहिजे.

आणखी एक माणूस या हिशेबात आहे, तो म्हणजे पाहुणा. यात्रेच्या रात्री १५०० रुपये दर लावला, तर त्या शिरोबिंदूवर खोली भरण्याची संभाव्यता निम्मीच असते. म्हणजे चौकशी करणाऱ्यांपैकी साधारण निम्मे भाविक परत जाणार. त्यांत कोणी थकलेले असतील, कोणी लहान मुले घेऊन आलेले असतील. रेषेला फक्त त्यांच्या खिशातील रुपये कळतात. एखाद्या म्हाताऱ्या जोडप्यासाठी दर ५०० करावा की नाही, हे समीकरणातून निघत नाही. तसे केल्यास सरासरी किती रुपये सोडावे लागतील, एवढे मात्र ते अचूक सांगते. ते कळल्यावर निर्णय घरातल्या माणसांनी घ्यायचा आहे.

करून पाहा

१. नवरात्रातील रेषा घेऊन (३००० − द) खर्च ३०० रुपये धरा आणि मालकासाठी उत्तम दर काढा. साध्या दिवसाप्रमाणेच तो उत्पन्नाच्या शिरोबिंदूपेक्षा खर्चाच्या निम्म्याने जास्त येतो का?

२. पुस्तकाची किंमत प्रत्येक फेरीत १.२६८ पट होत असेल, तर ती दसपट व्हायला किती फेऱ्या लागतील? (उत्तर : सुमारे १०.)

३. आपल्या गावच्या आठवडी बाजारात एखाद्या भाजीचा भाव सकाळी, दुपारी व दिवेलागणीला नोंदवा. चार आठवड्यांच्या नोंदींवरून आलेख काढा. संध्याकाळी भाव का उतरतो, याचे कारण रिकाम्या खोलीच्या उदाहरणाशी ताडून शिक्षकांबरोबर चर्चा करा.