वाख आणि राळ

मातीची भिंत घालताना आपल्याकडे चिखलात भाताचे तूस किंवा गवताची काडी कालवतात. सुकताना भिंत भेगाळू नये, हा हेतू. दोन भिन्न पदार्थांच्या मेळातून तिसरा, अधिक उपयुक्त पदार्थ घडविणे, हेच ‘संमिश्रा’चे तत्त्व होय. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. परंतु बांधावरच्या घायपाताला अधिक मोल येईल काय, या प्रश्नाने मला रसायनशास्त्राच्या दाराशी नेले.

घायपात, ताग, अंबाडी यांच्या वाखाचे बळ मुख्यतः सेल्युलोजमध्ये असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ साली हा पदार्थ वेगळा ओळखला. ग्लुकोज घटकांची ही लांब साखळी. प्रत्येक घटकावर तीन हायड्रॉक्सिल गट. या गटांमुळे शेजारच्या साखळ्या एकमेकींना घट्ट धरतात. पण तेच गट पाण्यालाही ओढून घेतात. उलट पॉलिप्रॉपिलीनसारखे प्लॅस्टिक पाण्याला दूर ठेवते. त्यात वाख तसाच मिसळला तर मध्ये फटी राहतात, ओल शिरते, वाख फुगतो आणि जोड सुटतो. गुण आणि दोष यांचे मूळ असे एकच आहे!

यावर उपाय तीन. सौम्य कॉस्टिक सोड्यात वाख भिजविला की मेण व काही लिग्निन निघून पृष्ठभाग खरबरीत होतो. राळेला पकड मिळते. (सुतावरील अशा प्रक्रियेचे पेटंट जॉन मर्सर यांनी १८५० साली घेतले.) अ‍ॅसिटिक अ‍ॅन्हायड्राइडने हायड्रॉक्सिलमधील हायड्रोजनच्या जागी अ‍ॅसिटिल गट येतो व पाण्याची ओढ कमी होते. सायलेन हा मध्यस्थ. त्याचे एक टोक वाखाशी, दुसरे राळेशी जोडले जाते. मात्र सोड्याचे प्रमाण बेताचेच हवे. अतिरेक झाला तर वाखच दुबळा होतो.

असे पदार्थ केवळ प्रयोगशाळेतले नव्हेत. पूर्व जर्मनीच्या त्राबांट मोटारीचे बाह्यांग कापसाचे टाकाऊ तंतू आणि फिनॉलिक राळ यांचे होते. १९५७ पासून १९९१ पर्यंत ती मोटार निघत होती. पण ही राळ पुन्हा वितळत नाही. त्यामुळे मोडीत निघालेल्या गाड्यांची विल्हेवाट हा प्रश्नच झाला.

म्हणून मला वाटते, ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावर आपण भाळू नये. वाख काचतंतूहून हलका व दरवर्षी उगवणारा आहे, हे खरे. परंतु रसायनांचा खर्च, वाख धुतल्यावर उरणारे सोड्याचे पाणी आणि वस्तूचा शेवट, हे तिन्ही हिशेबात धरूनच शेतकऱ्याच्या पदरात काय पडते ते ठरेल. हा हिशेब एकट्या रसायनशास्त्राचा नाही. तो आपणा कलाशाखीयांचाही आहे.