पेट्या मागवण्याआधी ओळी मोजा

उज्जैनला गोपाळ मंदिराच्या आसपासच्या जुन्या घरांत फरशी बदलायची असेल, तर दुकानात पाठकोऱ्या कागदावर मांडलेल्या हिशेबावर विसंबू नका. आमची खोली बारा बाय दहा. दुकानदाराने १२० ला १६ ने भागले आणि आठ पेट्या दिल्या. दाराकडच्या ओळी राहिल्या असतानाच माल संपला. नंतर आलेल्या पेट्यांवर डिझाइनचे नाव तेच होते, शेड नंबर मात्र वेगळा. सकाळचे ऊन आत आले की उंबरठ्यालगतचा फिकट पट्टा आजही उठून दिसतो.

‘दोन बाय दोन’ची टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, दोन फूट म्हणजे ६०९.६. त्यामुळे चार टाइल्सची पेटी सोळा नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरते. पण खरा माल जातो तो कटिंगमध्ये. सांधे धरून बारा फुटांत सहा टाइल्स बसून पावणेदोन इंच उरतात, दहा फुटांत पाच बसून दीड इंच. एवढी बारीक पट्टी धड कापली जात नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून जाणता मिस्त्री समोरासमोरच्या भिंतींशी सारखे तुकडे घेतो. ते अर्ध्या टाइलपेक्षा जरा मोठे असतात, त्यामुळे एका टाइलमधून दोन निघत नाहीत. मग सात-सातच्या सहा ओळी, म्हणजे ४२ टाइल्स, अकरा पेट्या. ‘दहा टक्के जास्त घ्या’ हा सल्ला पाळला तरी नऊच पेट्या येतात. लहान खोलीत टक्केवारी अशी फसवते.

म्हणून आधी चौकटीच्या कागदावर टाइल्स मांडून बघा. लांबी-रुंदी दोन्ही टोकांना मोजा आणि मोठे माप धरा. दोन्ही कर्णही मोजा. ते सारखे भरले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही आणि कापाकापी वाढणार. तिरपी मांडणी हवी असेल तर आणखी माल धरा. कापून उरलेले तुकडे फेकू देऊ नका, चार इंची स्कर्टिंग त्यातून निघते.

सगळा माल एकदम घ्या, तुटफुटीसाठी आणि पुढच्या दुरुस्तीसाठी एक पेटी जास्तीची. मोरबीच्या टाइल कारखान्यांतून येणारा पुढचा लॉट त्याच रंगछटेचा असेलच असे नाही. न फोडलेली पेटी परत घेण्याचे बिलावर लिहून घ्या. पेट्या दारात उतरल्या की प्रत्येकीवरचा शेड नंबर स्वतः वाचा; सगळे जुळल्याशिवाय मिस्त्रींना पहिली टाइल बसवू देऊ नका.