चेहऱ्यावरची लाली किती उतरवावी?

प्रश्न : मुलचेऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंत चेहरे लालभडक येतात आणि लाली कमी केली की माणसं आजारी दिसतात. काय करावं?

उत्तर : आधी लाली कुठून आली ते पाहा. मांडवाच्या लाल कापडातून येणारा उजेड चेहऱ्याइतकाच पांढऱ्या सदऱ्यावरही पडतो. सदराही गुलाबी दिसत असेल तर दोष त्वचेत नाही. व्हाइट बॅलन्स सुधारा. सदरा शुभ्र आणि फक्त गाल-नाक लाल असेल, तरच फोटोशॉपमध्ये ह्यू-सॅच्युरेशनचा अॅडजस्टमेंट लेयर घ्या, ‘रेड्स’ निवडा आणि ह्यू किंचित उजवीकडे, म्हणजे पिवळ्याकडे सरकवा. तुमची माणसं आजारी दिसतात ती बहुधा नुसतं सॅच्युरेशन उतरवल्यामुळे. त्वचा गोरी असो वा काळी, तिच्या रंगात रक्ताच्या लालीचा वाटा असतोच; तो काढला की चेहरा राखेसारखा होतो. ओठ, कुंकू आणि शालू मास्कने वगळा.

गिऱ्हाइकाला उजळ चेहराच हवा असतो, असं तुम्ही म्हणाल. पण लाली कमी करणं वेगळं आणि गोरं करणं वेगळं. कोडॅकच्या ‘शर्ली’ कार्डांवर अनेक वर्षं गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. लॅबमध्ये रंग त्यावरून जुळवले जात आणि सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे बुडत. तीच चूक मुलचेऱ्यातल्या माडिया किंवा बंगाली नवरीच्या फोटोत आपल्या हातून होऊ नये. उजेड हवा असेल तर एक्स्पोजर वाढवा, रंग बदलू नका. आणि अल्बम छापायला देण्यापूर्वी एक लहान प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात नक्की पाहा.