हिरवा स्फटिक व त्याची पारख

ओढ्याकाठची गारगोटी आपल्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची असते. ती व अंगठीत बसविलेला पारदर्शक स्फटिक ही एकाच खनिजाची, म्हणजे क्वार्ट्झची, रूपे होत. (मिठाचा व साखरेचाही स्फटिक असतो, येथे तो शब्द क्वार्ट्झपुरता योजिला आहे. हा घोटाळा वर्गात आधीच दूर करावा.) शुद्ध क्वार्ट्झ रंगहीन असते. त्यात लोहाचा अल्पसा अंश असल्यास जांभळी, तर क्वचित हिरवी छटा येऊ शकते.

हिरवा प्रकार फार विरळा. निसर्गतः तो पोलंडमधील लोअर सिलेशियासारख्या मोजक्याच ठिकाणी मिळतो. बाजारातील बहुतेक खडे कृत्रिम प्रक्रियेने केलेले असतात. ब्राझीलमधील मोंतेझुमा येथील जांभळा स्फटिक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला असता त्यातील लोहाची स्थिती पालटून तो हिरवा होतो, ही गोष्ट १९५० नंतरच्या दशकात प्रसिद्धीस आली. अन्य ठिकाणचा जांभळा स्फटिक त्याच आचेने सामान्यतः पिवळा वा तपकिरी पडतो. या हिरव्या खड्यास प्रासिओलाइट म्हणतात. ‘हिरवा अमेथिस्ट’ हे व्यापारी नाव मात्र दिशाभूल करणारे आहे, कारण अमेथिस्ट म्हणजे जांभळाच स्फटिक.

आता वर्गातील प्रश्न. विहिरीच्या खोदाईत निघालेला हिरवा, चकचकीत खडा एखादा विद्यार्थी घेऊन येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत असा खडा सापडला, तर तो बहुधा अ‍ॅपोफिलाइट असतो. पुणे व जळगाव परिसरातील या खनिजाचे नमुने परदेशी संग्रहालयांतही गेले आहेत. केवळ रंगावरून त्यास स्फटिक ठरविणे सर्वस्वी चूक होय.

स्फटिकाची कठिनता ७ असल्याने तो काचेवर ओरखडा काढतो. अ‍ॅपोफिलाइटची कठिनता ४.५ ते ५ असते. तो घासल्यास काचेवर रेघ उमटल्यासारखी दिसते, परंतु ती खड्याचीच भुकटी असते. म्हणून ओल्या फडक्याने पुसून पाहावे. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, मुलांच्या हाती काच देऊ नये. दुसरी खूण तुटक्या कडेवर दिसते. अ‍ॅपोफिलाइट एका दिशेने सपाट फुटतो व त्या पृष्ठावर मोत्यासारखी चकाकी असते. स्फटिकाचा फुटलेला भाग शिंपल्याच्या आतील बाजूसारखा वक्र दिसतो. त्यासाठी चांगला नमुना मुद्दाम फोडू नये.

नाव निश्चित होईपर्यंत नमुन्याच्या चिठ्ठीवर गाव, विहीर, खोली व तारीख एवढेच लिहावे.