आपले गाणे खरे आहे का?



सोयाबीन पावसाने हातचे गेले आहे, घरात आजारपण आहे आणि रविवारी मिस्सामध्ये महिमागीत गायचे आहे. मनात आनंद नसताना ओठांनी आनंद गायला, तर ते ढोंग नाही का? आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो.

मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू ओठांनी देवाचा सन्मान करणाऱ्या, पण अंतःकरणाने दूर असलेल्या लोकांना ढोंगी म्हणतो. त्यांचा दोष कोणता होता? ते दुःखी होते, हा नव्हे. 'आमचे धन देवाला वाहिले आहे' असे सांगून ते आईवडिलांना मदत नाकारत होते. म्हणजे भावना कमी पडणे हे ढोंग नव्हे. गायलेल्या शब्दांच्या उलट जगणे हे ढोंग आहे.

दुःखालाही उपासनेत जागा आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. क्रुसावर प्रभूच्या मुखी 22 व्या स्तोत्राचा आरंभ होता. आपल्याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या अभंगांत दळणकांडण येते, देवाशी भांडणही येते. सोंग न घेता देवापुढे उभे राहणे आपल्या मातीला नवीन नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ही कहाणी 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. टिळक प्रॉटेस्टंट मंडळीतले. पण अभंग, भजन, कीर्तन या आपल्या चालीरीतींतून ख्रिस्ताला गाण्याची त्यांनी दाखवलेली वाट सर्वांना उपयोगी ठरली. पुढे 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य स्थान द्यावे, असे सांगितले.

मात्र ढोलकी-पेटी आणली म्हणून गाणे आपोआप खरे होत नाही. संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात कबूल करतात, की गीताच्या अर्थापेक्षा आवाजानेच मन हलले, तेव्हा आपली चूक झाली. गायकवृंदाने हे ध्यानी ठेवावे. चाल अशी निवडावी, की मागच्या बाकावरची आजीही गाऊ शकेल. शब्द आधी वाचावेत, मग गावेत.

आणि आपण सर्वांनी? अर्पणगीत म्हणताना मत्तय 5:23-24 आठवू या. भावाशी बांधावरून अबोला असेल, तर प्रभू आधी समेट करायला सांगतो, मग अर्पण. ज्याचे पीक गेले तो महिमागीत गातो, तेव्हा तो खोटे बोलत नाही. तो विश्वास धरतो. त्याचा आवाज दाटला, तर शेजारच्याने त्याच्यासाठी गावे. मंडळी एकत्र गाते ती यासाठीच.

या आठवड्यात एकच करू या. रविवारी गायलेल्या गीतातील एक ओळ निवडू या आणि शनिवारपर्यंत ती जगून पाहू या.

हे प्रभू, आमच्या ओठांचे आणि हातांचे गाणे एक होऊ दे. आमेन.